वरच्या वाडीची वही

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, वरच्या वाडीच्या प्राथमिक शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची बैठक झाली. तिसरा विषय होता: शिक्षिका वेळेवर येत नाहीत, त्यांची बदली करण्यात यावी. सूचक सोपान शेडगे, अध्यक्ष. अनुमोदक सखूबाई वाघमारे, सदस्य. ठराव एकमताने मंजूर झाला. तो वहीत लिहिला त्याच शिक्षिकेने, कारण लिहिणं हे त्यांचं काम होतं.

ठरावाची प्रत सोमवारी माझ्याकडे आली. मी तेव्हा मुळशी तालुक्यात केंद्रप्रमुख होतो. वाडीचं नाव आणि माणसांची नावं इथे बदलली आहेत. बाकी जे पाहिलं ते पाहिलं म्हणून दिलं आहे आणि जे ऐकलं ते ऐकलं म्हणून. ही सवय शिक्षक होण्याआधी एका दैनिकाच्या जिल्हा पानावर काढलेल्या तीन वर्षांतली.

केंद्रप्रमुख म्हणजे दहा-बारा शाळांवर फिरणारा माणूस. शिक्षक त्याला साहेब समजतात आणि साहेब त्याला गुरुजी समजतात. वरून आलेलं खाली पोचवायचं, खालून आलेलं वर. मधल्या वेळात शाळा पाहायच्या. माझ्या काळात हा मधला वेळ कमी होत गेला, कारण वरून येणारं मोबाइलवर यायला लागलं आणि ते कोणत्याही वेळी यायला लागलं.

शाळा व्यवस्थापन समिती ही कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला असते. तीन चतुर्थांश सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका. अध्यक्ष पालकांतलाच. मुख्याध्यापक हा सदस्य सचिव: त्याने बैठक बोलवायची आणि इतिवृत्त लिहायचं. समितीने शाळेचा आराखडा करायचा, पोषण आहारावर लक्ष ठेवायचं आणि शिक्षक वेळेवर येतात का ते पाहायचं. बैठक दर महिन्याला.

कागदावर ती दर महिन्याला होते. प्रत्यक्षात वही फिरते. महिना संपत आला की मुख्याध्यापक घरी बसून बैठक लिहून काढतात. कोण काय बोललं, कोणी सुचवलं, कोणी अनुमोदन दिलं, शेवटी आभार. मग ती वही घेऊन कुणीतरी घरोघर जातं. कुणी गोठ्यात सही करतं, कुणी चुलीपुढे अंगठा देतं. काय लिहिलंय ते कुणी विचारत नाही. विचारणं म्हणजे गुरुजींवर अविश्वास.

मी पाने क्रमांकित आहेत का, सह्या पूर्ण आहेत का, एवढं पाहून लाल शाईने 'पाहिले' लिहीत असे. एका शाळेच्या वहीत एका सदस्याने मृत्यूनंतर दोन बैठकांना हजेरी लावली होती. त्या दोन्ही पानांवर माझं 'पाहिले' आहे.

समिती खरी असली म्हणजे शिक्षकाला हुरूप येतो, असं प्रशिक्षणात सांगतात. मी स्वतः ते सांगितलेलं आहे. वरच्या वाडीच्या केंद्रावर येण्याआधी माझी नेमणूक हिंजवडीच्या बाजूला होती. तिथल्या एका शाळेत समितीची बैठक कधीच चुकत नसे. अध्यक्षाने शेतात खोल्यांची चाळ बांधली होती आणि समितीतले बहुतेक पालक त्याचे भाडेकरू होते; कुणी बिहारचे, कुणी मराठवाड्यातले. तो म्हणेल तेव्हा सगळे हजर. पंखे, प्रोजेक्टर, रंग, सगळं वेळेवर. अध्यक्षाने वर्गात कॅमेरे बसवले आणि ते स्वतःच्या मोबाइलला जोडले. तिथले शिक्षक चांगले होते. पहिल्या संधीला त्यांनी बदली मागितली. "पोरगं हसलं तरी फोन येतो, 'गुर्जी, काय जोक झाला?'" असं त्यांनी मला सांगितलं होतं. त्यांच्या अर्जावर मी शिफारस केली. समितीबद्दल एक ओळही लिहिली नाही.

वरची वाडी तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. कोळवणच्या खोऱ्यातून वर चढणारा रस्ता, खालच्या गावापर्यंत जीप, पुढे स्वतःची गाडी किंवा पाय. दोन खोल्यांची शाळा. निम्मी मुलं शेडग्यांच्या भावकीतली, निम्मी कातकरी पाड्यावरची. दुसऱ्या शिक्षकाची जागा रिकामी होती. शिकवायला, मुख्याध्यापक म्हणून आणि सचिव म्हणून एकट्या रेखा साळुंके. माहेर सोलापूरकडचं, राहायला पिरंगुट, रोज स्कूटरने येणं-जाणं.

पहिल्या वर्षी त्यांनी मला विचारलं होतं, "सर, बैठक घ्यायची की वही फिरवायची?"

"नियमाप्रमाणे बैठकच," मी म्हणालो. कोणताही केंद्रप्रमुख हेच म्हणतो. त्याचा अर्थ काय घ्यायचा ते शिक्षकांना ठाऊक असतं. साळुंकेबाईंनी शब्दशः घेतला.

त्या वर्षभर आणि पुढेही त्या बैठका बोलवत राहिल्या. लोक येत नसत. अशा वेळी वहीत त्यांच्या अक्षरात एक ओळ असे: 'गणपूर्तीअभावी बैठक तहकूब.' माझ्या केंद्रातल्या कोणत्याही वहीत हे शब्द मी आधी पाहिले नव्हते. तिसऱ्या वर्षी, लावणी उरकल्यावर, त्या प्रत्येक दारात जाऊन आल्या. त्या शनिवारी पहिल्यांदा समिती भरली. आणि भरलेल्या समितीने पहिलं काम केलं ते वर दिलं आहे.

चौकशी माझ्याकडे होती. मंगळवारी मी न कळवता निघालो. साडेदहाची शाळा. साडेदहाला पाच मिनिटं असताना घाटातल्या एका वळणावर साळुंकेबाईंची स्कूटर लावलेली दिसली. बाई कठड्याला टेकून मोबाइलवर काहीतरी करत होत्या. गवताचा भारा घेतलेला एक माणूस त्यांच्या शेजारून वर गेला.

"झालं का बाई बोलून?" जाता जाता तो म्हणाला. थांबला नाही.

मी गाडी लावली. "काय चाललंय?"

"तुमचंच काम, सर." त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. आमच्या केंद्राचा ग्रुप उघडा होता. सगळ्यात वरचा संदेश माझा होता: 'कालची आहार लाभार्थी संख्या, आजची हजेरी व वृक्षारोपणाचे फोटो अकराच्या आत भरावेत. न भरल्यास लेखी खुलासा घेतला जाईल.'

"शाळेत रेंज नाही," त्या म्हणाल्या. "इथे आहे. इथून वर कुठेच नाही."

"आणि आजची हजेरी? मुलं तर अजून वर आहेत."

"कालची भरते. सगळेच भरतात."

त्या रोज तिथे अर्धा-पाऊण तास थांबत. फोटो चढायला वेळ लागे. चढला नाही तर पुन्हा. त्याच वेळी वाडीतली माणसं कामाला खाली उतरत आणि गवत-लाकूड घेऊन वर जात. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला हेच दिसे: पोरं शाळेच्या ओट्यावर बसलीत आणि बाई वळणावर फोनवर.

"हे समितीला सांगितलं का?"

"कुणी विचारलं नाही. आणि ठराव लिहिताना सचिवाने स्वतःचं म्हणणं त्यात घुसवू नये, असं तुम्हीच प्रशिक्षणात सांगितलं होतं."

शाळेत ठरावाचं मूळ पान पाहिलं. स्वच्छ अक्षर, खाडाखोड नाही. अध्यक्ष 'लेट येत्यात' म्हणाले असणार. बाईंनी 'विहित वेळेत उपस्थित राहत नाहीत' असं लिहिलं होतं. ओट्याच्या कडेला त्यांनी स्वखर्चाने रंग आणून अंकरेषा काढायला घेतली होती. एक ते शंभर आकडे, प्रत्येक आकड्यावर एक मूल उभं राहील एवढी जागा. काम चौसष्टपर्यंत आलं होतं. एक मुलगी बारावर उभी होती आणि दुसरी तिला नऊ उड्या मागे जायला सांगत होती.

अहवाल मी त्याच संध्याकाळी लिहिला: 'समक्ष भेट दिली. शिक्षिकेस वेळेचे पालन करण्याबाबत समज देण्यात आली. बदलीची आवश्यकता वाटत नाही.' माझ्या संदेशाचा उल्लेख केला नाही. वळणाचाही नाही. त्या वेळी मला ते बाईंना वाचवल्यासारखं वाटलं होतं. वाचलो मी होतो.

दुसऱ्या दिवसापासून साळुंकेबाई साडेदहाच्या आधी शाळेत असत आणि पाचला कुलूप लावत. मधल्या वेळात जे शिकवायचं ते शिकवत. पूर्वी पाच वाजल्यानंतर पाड्यावरच्या मुलींना वाचायला बसवत, ते थांबलं. अंकरेषा चौसष्टवर राहिली. डबा ओट्याखाली ठेवला होता, त्यातला रंग वाळला.

माहिती आता सकाळी येईना. संध्याकाळी सहाला, परतीच्या वाटेवरून यायची. तीन दिवसांनी तालुक्यावरून मला विचारणा झाली. मी बाईंकडे खुलासा मागितला. तो दोन ओळींचा आला: 'सकाळी माहिती भरल्यास शाळेस उशीर होतो. शाळेत वेळेवर आल्यास माहितीस उशीर होतो. दोहोंपैकी कोणता उशीर मान्य आहे ते कळविण्यात यावे.'

मी काही कळवलं नाही.

सप्टेंबरच्या बैठकीला मी जाऊन बसलो. कोरम जेमतेम होता. सोपान शेडगे चाळिशीचे. खालच्या एका फार्महाऊसची देखभाल करत, मुलगी चौथीत. सखूबाई वाघमारे पाड्यावरच्या. त्याच फार्महाऊसवर खुरपणीला जात, दोन नाती शाळेत. आई-बाप कामासाठी लांब असल्याने त्या पालक म्हणून समितीत. विषय संपल्यावर सखूबाईंनी सरळ बाईंनाच विचारलं.

"बाई, एक इचारू? राग न्हाई ना येनार?"

"विचारा."

"तुमी रोज त्या वळनाव कुनाशी बोलत व्हता वो?"

खोलीत कुणीतरी हसलं. बाईंनी माझ्याकडे बोट केलं. "ह्यांच्याशी."

आता सगळेच हसले. सोपान शेडगे हसले नाहीत. "म्हंजी?"

बाईंनी सांगितलं. रेंज, फोटो, अकराची वेळ, खुलासा. सगळं मिळून दोन मिनिटं लागली. तीन वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं.

"आन आमी काय समजलो!" सोपान म्हणाले. "लोक काय काय बोलत व्हते वो बाई तुमच्यावर. सांगायलाबी लाज वाटतीय."

"सांगू नका," बाई म्हणाल्या.

"सर, ह्ये तुमाला ठावं व्हतं?" त्यांनी मला विचारलं.

"ऑगस्टपासून," मी म्हणालो.

"मंग तुमी लिवलं न्हाई व्हय वरती?"

सखूबाई म्हणाल्या, "आपल्या हातानं आपल्या नावाचं कोन लिवल?" त्या माझ्याबद्दल बोलत होत्या. पण त्या खोलीत तसं लिहिलेलं एक माणूस बसलं होतं, हे बोलल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

सोपाननी वही ओढली. "त्ये पान काडून टाकतो. इषय मिटला."

"पान काढता येत नाही," बाई म्हणाल्या. "पानांना क्रमांक आहेत. ठराव रद्द करायचा तर दुसरा ठराव लागतो."

"मंग लिवा आत्ताच."

"आजच्या विषयपत्रिकेवर तो विषय नाही. पुढच्या बैठकीत घ्या."

"बाई, तुमच्याच भल्याचं हाय!"

"म्हणूनच नीट व्हायला हवं."

पुढची बैठक ऑक्टोबरात. त्या महिन्यात भात काढणीला आलं. बैठकीला सोपान आणि एक जण, दोघेच आले. वहीत ओळ: 'गणपूर्तीअभावी बैठक तहकूब.' नोव्हेंबरात पुन्हा तेच. ज्यांचं भात नव्हतं ते दुसऱ्यांच्या भातात रोजाने होते. रोज बुडवून ठरावाला कोण येणार.

त्याच दिवसांत बदल्यांचं पोर्टल सुरू झालं. अवघड क्षेत्रातल्या शाळेत ठरावीक वर्षं काढलेल्या शिक्षकाला बदली मागण्याचा हक्क मिळतो. ऑनलाइन अर्ज, पसंतीच्या शाळांची यादी. साळुंकेबाईंची वर्षं भरली होती. पसंतीला सूस, नेरे, भूगाव. सगळीकडे रेंज होती, रस्ता होता. समितीने त्यांची बदली मागितली होती आणि आता सरकार त्यांना विचारत होतं. अर्ज त्यांनी पहिल्याच आठवड्यात भरला. शेवटच्या तारखेपर्यंत तो मागे घेता येत होता.

हे सोपानना कळलं तसं त्यांनी वही मोटारसायकलवर टाकली आणि एका संध्याकाळी सगळी वाडी फिरून सह्या आणल्या. ठराव रद्दचा मजकूर त्यांनी स्वतः कोऱ्या कागदावर लिहिला होता. बाईंनी फक्त तो वहीत उतरवायचा होता.

बाईंनी उतरवला नाही.

सोपान माझ्या घरी आले. चहा तसाच ठेवला. "सर, तुमी सांगा त्यास्नी. आवं, सगळ्यांनी सह्या दिल्या. एकानंबी न्हाई म्हनलं न्हाई. ह्या बाई म्हनत्यात, बैठक झाली न्हाई, म्या कसं लिवू? आता काय म्हनावं ह्याला?"

"त्या बरोबर म्हणतायत."

"बरोबर हाय वो! पन बरोबर करता करता बाई जातील ना!"

मी फोन लावला. बाई म्हणाल्या, "सर, वही फिरवून मला काढता आलं असतं, तर वही फिरवून ठेवताही आलं असतं. मला काढलं तेव्हा सगळे समोर बसले होते."

बैठक कुठे घ्यावी, हे नियमात लिहिलेलं नाही. शाळेत घ्यायची हा रिवाज. हे मी सोपानना सांगितलं. मार्ग काढला सखूबाईंनी. सोपाननी मला सांगितलं त्याप्रमाणे त्या म्हणाल्या, "आमी शाळंत येत न्हाई, तर शाळंनं हितं यावं की. दुपारी भाकर खायला बसतोच आमी."

अर्जाच्या शेवटच्या तारखेला दोन दिवस होते. बाईंनी सूचना काढली: 'स्थळ: फार्महाऊसचे फाटक. वेळ: मधली सुट्टी.' मुलांना पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींजवळ ठेवून त्या आणि मी खाली गेलो. फाटकाबाहेर भिंतीच्या सावलीत समितीतली नऊ माणसं भाकरी खात बसली होती. समिती बारा जणांची. मालक पुण्यात होते. त्यांचा कुत्रा फाटकाच्या आतून सगळा वेळ भुंकत होता.

बाईंनी मांडीवर वही घेतली. विषय वाचला.

"सूचक कोण?"

"मी," सखूबाई म्हणाल्या. "मागं मी दुसरी व्हते. आता पयली."

"मंग मी दुसरा," सोपान म्हणाले.

"उशिराचं कारण लिहायचं का?" बाईंनी विचारलं. "मागच्या वेळी कुणी दिलं नव्हतं."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणालो की शिक्षिकेला उशीर होत होता तो केंद्रप्रमुखांनी सकाळी माहिती मागितल्यामुळे. केंद्रप्रमुखांना हे चौकशीत समजलं होतं. त्यांनी ते अहवालात लिहिलं नाही.

बाईंची लेखणी थांबली. "हे वहीत लिहू का, सर?"

"लिहा."

त्यांनी लिहिलं. पुढे आणखी एक ठराव झाला: यापुढे शाळेची माहिती शाळा सुटल्यावर पाठवण्यात येईल, ज्यास सकाळी हवी असेल त्याने वाडीवर येऊन न्यावी. हा सखूबाईंचा. शेवटचं वाक्य बाईंनी गाळून वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "न्हाई, त्ये ऱ्हाऊ द्या. त्येच खरं हाय." ते राहिलं.

सह्यांच्या वेळी सखूबाईंनी शाईचं पॅड बाजूला सारलं. भाकरीचे हात पदराला पुसले आणि पेन मागितला. त्यांच्या नातीने शिकवलेलं होतं. चार अक्षरं लिहायला त्यांनी घेतलेला वेळ बाकीच्यांनी गप्प बसून पाहिला.

बाई अर्ज मागे घेणार का, हे कुणीच विचारलं नाही. भाकरी आवरून माणसं भाताकडे गेली.

ठरावाची प्रत मी तालुक्याला पाठवली. माझ्याबद्दलच्या मजकुरावर आजवर कुणी विचारणा केलेली नाही. ती तिथे वाचली गेली असावी असं समजायला आधार नाही. ग्रुपवर मी लिहिलं की वरच्या वाडीची माहिती संध्याकाळी येईल. आणखी दोन शाळांनी आपलीही तशीच येईल म्हणून कळवलं. त्यांच्याकडेही एकेक वळण होतं; ते मला तोवर माहीत नव्हतं.

बदलीची यादी लागली तेव्हा तीत रेखा साळुंके हे नाव नव्हतं. फेब्रुवारीत मी वाडीवर गेलो तेव्हा अंकरेषा शंभरपर्यंत पूर्ण होती. चौसष्टच्या पुढचे आकडे वेगळ्या निळ्या रंगात आहेत, कारण आधीचा रंग वाळला होता.

पुढच्या वेळच्या यादीत त्यांचं नाव होतं. त्या नेऱ्याच्या बाजूला गेल्या. कारण मी विचारलं नाही. अर्जात कारणाचा रकाना नसतो.

त्यांच्या जागी एक तरुण शिक्षक आले. कामाला चांगले. माझ्या निवृत्तीच्या महिन्यात मी वरच्या वाडीला शेवटची भेट दिली. त्यांनी वही पुढे केली. त्या महिन्याची बैठक लिहिलेली होती. हजर सदस्य बारा, सह्या अकरा. सखूबाई वाघमारे या नावापुढची जागा कोरी होती.

"त्या सही देत नाहीत, सर," शिक्षक म्हणाले. "दोनदा घरी गेलो. म्हणतात, 'मीटिंग कवा झाली? मला बोलावनं न्हाई आलं.'"

मी त्या पानावर 'पाहिले' लिहिलं नाही. पुढच्या शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, शाळेत बैठक झाली. हजर सदस्य आठ.